विद्यापीठाचं संशोधन अनुदान: पहिला अर्ज करणाऱ्या प्राध्यापकासाठी

संलग्न महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून तुम्ही रुजू झालात. पहिलं वर्ष तासिका, पेपर तपासणी आणि निवडणुकीच्या कामात गेलं. आणि एक दिवस आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारलं, "सर, विद्यापीठाचं परिपत्रक आलंय, लघु संशोधन प्रकल्पाचं. भरताय ना? शुक्रवारपर्यंत द्यायचंय."

हा लेख त्या शुक्रवारच्या बराच आधी वाचावा, म्हणून लिहितो आहे. मी ग्रामीण भागातल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. असे दोन प्रकल्प मी स्वतः पूर्ण केले, आणि नंतर काही वर्षं छाननीला आलेले इतरांचे अर्जही वाचले. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चांगली, अभ्यासू माणसं मोठा विषय घेऊन येतात आणि लहान रकमेत तो बसत नाही म्हणून परत जातात. लहान अनुदानाला लहान प्रश्न लागतो. हे एकदा पटलं की अर्ज, अंदाजपत्रक, हिशेब सगळंच सोपं होतं.

हा पैसा कुठून येतो

विद्यापीठं स्वतःच्या निधीतून शिक्षकांना संशोधनासाठी जी रक्कम देतात, तिची नावं ठिकठिकाणी वेगळी आहेत. मुंबई विद्यापीठात ती लघु संशोधन प्रकल्प म्हणून ओळखली जाते. पुण्यात अनेक ज्येष्ठ प्राध्यापक अजूनही "बीसीयूडीचा प्रोजेक्ट" म्हणतात. बीसीयूडी म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू झाला १ मार्च २०१७ला, आणि त्यात ते जुनं मंडळ राहिलं नाही. बोलण्यात नाव मात्र टिकलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'अस्पायर' ही त्यानंतरची योजना. स्वायत्त महाविद्यालयं आपल्या शिक्षकांना 'सीड मनी' देतात, तोही याच जातीचा पैसा.

पूर्वी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लघु आणि बृहत् प्रकल्प असत. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ते पुढे चालले नाहीत. त्यामुळे नव्या शिक्षकाला आज पहिला दरवाजा आपल्याच विद्यापीठाचा. रक्कम बहुधा काही हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंत. ती तेवढीच का, असा प्रश्न पडतो. विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी मुख्यतः परीक्षा शुल्क, संलग्नीकरण शुल्क अशा मार्गांनी जमतो, म्हणजे त्यात तुमच्याच विद्यार्थ्यांनी भरलेले पैसे आहेत. प्रस्ताव लिहिताना हे मनात असू द्या.

एक उपयोगी सवय सांगतो. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येतो आणि त्याची पुस्तिका निघते. ती मिळवा, संशोधन अनुदानाच्या शीर्षाखाली यंदा किती तरतूद आहे ते बघा आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला तेही बघा. तरतूद असून पैसा उरलेला दिसला, तर अर्ज कमी येत आहेत असा त्याचा सरळ अर्थ असतो. "आपल्याला कोण देणार" हा विचार मग मागे पडतो.

आधी पात्रता तपासा

परिपत्रक पूर्ण वाचा, शेवटच्या पानावरच्या टिपांसह. साधारणपणे या गोष्टी विचारल्या जातात: तुमची नेमणूक पूर्णवेळ आहे का, विद्यापीठाचं शिक्षक मान्यता पत्र आहे का, कॉलेजला यूजीसी कायद्यातल्या कलम २(एफ) आणि १२(बी)ची, म्हणजे केंद्राचं अनुदान मिळण्यासाठी लागणारी, मान्यता आहे का, याआधीचा एखादा प्रकल्प हिशेबाविना अडकलेला नाही ना, आणि निवृत्तीला किती वर्षं राहिली आहेत.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, म्हणजे सीएचबीवरच्या शिक्षकांना बहुतेक योजनांमध्ये प्रमुख संशोधक होता येत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. आमच्याकडची काही उत्तम क्षेत्रकामं याच मुलामुलींनी केलेली आहेत. नियम आहे तोवर मार्ग एवढाच, की नियमित शिक्षकाने त्यांना सहसंशोधक म्हणून घ्यावं आणि अहवालावर त्यांचं नाव ठळक द्यावं. परिपत्रकात सहसंशोधकाची अट लिहिलेली नसेल, तर विद्यापीठाच्या संबंधित विभागाला ईमेल करून विचारा. फोनवरच्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

मान्यता पत्राबद्दल एक सूचना. रुजू होऊन वर्ष झालं तरी कित्येकांच्या हातात ते नसतं, प्रस्ताव कुठल्या तरी टेबलावर असतो. परिपत्रक येण्याची वाट न बघता आजच कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न निवडणं

इथे थोडं थांबतो, कारण अर्जाचं नशीब इथेच ठरतं.

समजा तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शिकवता. दुष्काळी तालुका, मुलं टँकर बघत वाढलेली. साहजिकच तुम्ही शीर्षक लिहिता: "महाराष्ट्रातील दुष्काळाचा सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय अभ्यास". तळमळ खरी आहे, पण साठ हजार रुपयांत आणि बारा महिन्यांत हे कोणालाच करता येणार नाही. छाननी समितीला ते पहिल्या ओळीतच कळतं.

आता तीच तळमळ लहान करा. दहिवडीच्या आसपासची चार गावं घ्या. दोन गावांत पाणलोटाची कामं चांगली झालेली, दोन गावांत जवळपास नाहीत. प्रत्येक गावात सहा विहिरी, एकूण चोवीस. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपातळी मोजायची, पाण्याचे नमुने घ्यायचे. प्रश्न असा: पावसाळ्यानंतर पातळी किती वर येते, आणि पाणलोटाची कामं झालेल्या गावांत ती वाढ वेगळी दिसते का?

हा प्रश्न एका माणसाला, दोन विद्यार्थ्यांना आणि एका मोटारसायकलला झेपतो. शिवाय तो एकटा पडत नाही. पुण्याला मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावांजवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी मागवल्या, की तुमच्या एका वर्षाच्या आकड्यांना मागचा आधार मिळतो. तो नसेल तर अडचण होते, कारण एका वर्षीचा पाऊस बरा झाला की सगळ्याच विहिरी भरतात आणि श्रेय बंधाऱ्यांना जातं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये दोन शेजारच्या विहिरींचं पाणीही सारखं वागत नाही. खालचा खडक किती झिजला आहे, भेगा कुठे आहेत, यावर ते ठरतं. प्रस्तावात या मर्यादा स्वतःहून लिहा. मर्यादा लिहिल्याने अर्ज कमकुवत होतो असं नव्या माणसाला वाटतं. मी अर्ज वाचायला बसलो, तेव्हा ज्याने मर्यादा लिहिल्या त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसला.

भाषा किंवा इतिहासाच्या शिक्षकांनाही हेच लागू. "मराठी लोकसाहित्याचा अभ्यास" याऐवजी एका गावातल्या साठीपुढच्या वीस बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांचं लिप्यंतर करणं, हा पुरा प्रकल्प आहे. त्या बायका दहा वर्षांनी भेटतीलच असं नाही, म्हणून तो तातडीचाही आहे.

विषय नक्की करण्याआधी शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडा आणि त्या विषयावरचे प्रबंध चाळा. दोन कारणांसाठी. हे काम आधी झालं आहे का, हे कळतं. आणि स्वतःच्याच पीएच.डी.चा एखादा भाग नव्या शीर्षकाने मांडला जात नाही ना, हेही तपासलं जातं. समितीतले लोक ते तपासतात.

प्रस्ताव लिहिताना

समितीत तुमच्या विषयाचा माणूस असेलच असं धरू नका. भूगोलाचा अर्ज रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हातात पडू शकतो. म्हणून पहिलं पान असं लिहा, की ते तुमच्या कॉलेजातल्या दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचून समजेल. खरंच कोणाला तरी वाचायला द्या. त्यांनी जिथे भुवया उंचावल्या ते वाक्य बदला.

उद्दिष्टं तीनपेक्षा जास्त नकोत. "अभ्यास करणे", "आढावा घेणे", "जाणीव निर्माण करणे" ही क्रियापदं टाळा, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. "चोवीस विहिरींची पातळी दोन हंगामांत मोजणे" हे उद्दिष्ट पूर्ण झालं की दिसतं.

कार्यपद्धतीला सगळ्यात जास्त जागा द्या. विहिरी कशा निवडल्या, पातळी कुठल्या बिंदूपासून मोजणार, दिवसाच्या कोणत्या वेळी, उपसा चालू असेल तर काय करणार. शेतकऱ्याने सकाळी मोटर चालवली असेल तर दुपारची पातळी खोटी ठरते, हे ज्याने लिहिलं त्याने विहिरीत डोकावून पाहिलं आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मजकूर स्वतःचा हवा. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात. ते नियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत, पण प्रस्तावालाही तीच फूटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात तपासणीचं सॉफ्टवेअर असतं. ग्रंथपालांना दोन दिवस आधी सांगा.

परवानग्या या टप्प्यावरच बघायच्या. अभयारण्यात झाडं-प्राणी अभ्यासायचे असतील तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते आणि त्यासाठीचं वन विभागाचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. कोयनेत किंवा राधानगरीत काम करणाऱ्यांनी त्यासाठी काही महिने हाताशी ठेवावेत. माणसांच्या आरोग्याशी संबंधित काम असेल तर नीतिसमितीची मान्यता हवी आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला हवीत. विहिरींसारख्या कामाला एवढं लागत नाही, पण शेतकऱ्याची संमती आणि ग्रामपंचायतीला एक पत्र, एवढं द्याच. पत्राची पोच घ्या. ती अहवालाला जोडता येते.

अंदाजपत्रक

बरेच अर्ज इथे पडतात. गोल आकडे दिसले की समजतं, माणसाने कोणाला दर विचारलेले नाहीत. "उपकरणे ३०,०००, प्रवास १५,०००, इतर १५,०००" असं लिहिलं तर समितीच्या हातात कापण्यापलीकडे काही उरत नाही.

वरच्याच उदाहरणाचं अंदाजपत्रक मांडून दाखवतो. कमाल मर्यादा साठ हजार आहे असं धरू. दर नमुन्यादाखल आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घ्या.

- ईसी-टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), कॅलिब्रेशनच्या द्रावणासह: ९,५०० रुपये
- पोलादी मोजपट्ट्या दोन, वजनासह: १,८०० रुपये
- नमुन्याच्या बाटल्या, नकाशे, लेखनसाहित्य: ३,२०० रुपये
- पाणी तपासणी, ४८ नमुने, प्रत्येकी ४५० रुपये: २१,६०० रुपये
- प्रवास, १२ फेऱ्या, प्रत्येकी १,१५० रुपये: १३,८०० रुपये
- क्षेत्रसहायक विद्यार्थी दोन, १२ दिवस, रोज २५० रुपये: ६,००० रुपये
- अहवाल, छपाई, बांधणी: २,६०० रुपये
- संकीर्ण: १,५०० रुपये

बेरीज बरोबर साठ हजार. प्रत्येक आकड्यामागे गुणाकार आहे, आणि तो प्रस्तावात छापायचा. चोवीस विहिरी दोनदा म्हणजे अठ्ठेचाळीस नमुने. एका दिवसात चार विहिरी होतात, म्हणून एका हंगामात सहा दिवस, दोन हंगामांत बारा.

यात पातळी मोजायचं विजेवरचं उपकरण घेतलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. उघड्या विहिरीला वजन बांधलेली पोलादी पट्टी पुरते. बोअरवेल असती तर गोष्ट वेगळी. त्याचप्रमाणे लॅपटॉप, प्रिंटर, मोबाईल मागू नका. बहुतेक योजनांमध्ये ते चालतच नाही, आणि चालत असलं तरी वाचणाऱ्याचं मत बिघडतं. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोच्या 'भुवन'वर उपग्रहचित्रं बघता येतात. नियतकालिकांची वर्गणी मागण्याआधी ग्रंथपालांना विचारा. संस्थांना संशोधन नियतकालिकं एकत्रितपणे उपलब्ध करून देणारी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाली आहे आणि तुमची संस्था तिच्यात असेल तर तो खर्च वाचतो.

विद्यार्थ्यांचं मानधन काही योजनांना मान्य असतं, काहींना नसतं. मान्य नसेल तर त्यांचा प्रवास आणि जेवण तरी प्रवासाच्या शीर्षात बसवा. मे आणि ऑक्टोबर मिळून माणदेशात बारा दिवस फिरणाऱ्या मुलांना फक्त प्रमाणपत्र देऊन चालवणं मला कधीच योग्य वाटलं नाही.

कोटेशन घेताना जीएसटी धरलेला आहे का, हे विचारा. १८ टक्के जीएसटी विसरला तर दहा हजारांच्या वस्तूला अकरा हजार आठशे मोजावे लागतात आणि वरचे अठराशे तुमच्या खिशातून जातात.

सादरीकरण

पहिल्या चाळणीनंतर काही विद्यापीठांत सादरीकरणाला बोलावतात. सात ते दहा मिनिटं मिळतात. पार्श्वभूमीवर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. दुष्काळ म्हणजे काय, हे समितीला माहीत आहे. प्रश्न, पद्धत, पैसा, या क्रमाने जा.

हमखास विचारलं जातं: हीच गावं का? यापूर्वी या विषयावर कोणी काय केलं? परीक्षेच्या काळात क्षेत्रकाम कसं करणार? आम्ही रक्कम निम्मी केली तर काय सोडाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून न्या. "सगळंच आवश्यक आहे" हे उत्तर पडतं. "चारऐवजी दोन गावं घेईन, पण दोन्ही हंगाम ठेवीन, कारण एका हंगामावरून तुलना होत नाही" हे उत्तर उभं राहतं.

मंजुरीनंतरचा पहिला पंधरवडा

मंजुरीपत्र हातात आलं की आधी त्यावरची तारीख बघा. त्या तारखेच्या आधीचा कुठलाही खर्च धरला जात नाही. उत्साहात आधीच मीटर घेऊन ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते बिल नंतर कोणी मंजूर करत नाही.

पैसा बहुधा हप्त्यांत येतो आणि प्राचार्यांच्या नावे येतो, तुमच्या नाही. कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन तुमच्या प्रकल्पाचं वेगळं खातेपान उघडून घ्या. हे काम ज्यांच्या टेबलावर आहे त्या लेखापालांशी नीट बोला, प्रकल्प काय आहे ते त्यांना समजावून सांगा. पुढचं वर्षभर तुमचं काम त्यांच्याकडे आहे, आणि नियम तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहेत. मला खरेदीची सगळी पद्धत आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ लिपिकांनी शिकवली. ती कुठल्याही कार्यशाळेत शिकायला मिळाली नव्हती.

ती पद्धत अशी. तीन कोटेशनं मागवायची, ती प्राचार्यांना उद्देशून असायला हवीत, प्रत्येकावर तारीख, शिक्का आणि जीएसटी क्रमांक. मग तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, खरेदी आदेश. त्यानंतर वस्तू, चलन आणि बिल. वस्तू आली की टिकाऊ असेल तर जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे बोलण्यातल्या डेडस्टॉकमध्ये, आणि संपणारी असेल तर उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत चढवायची. नोंदवहीचा पान क्रमांक बिलावर लिहायचा. पैसे दुकानदाराच्या खात्यात एनईएफटीने, रोख नाही. किती रकमेपर्यंत कोटेशन लागत नाही, याची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती लिखित विचारून घ्या.

लेखापरीक्षक सगळ्यात आधी तारखांचा क्रम बघतात. खरेदी आदेशाच्या आधीच्या तारखेचं बिल सापडलं, तर बाकी सगळं चोख असूनही आक्षेप निघतो.

प्रवासासाठी अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, घेता येतं. काही कार्यालयांत याला अजूनही तसलमात म्हणतात, शब्द ऐकून गोंधळू नका. ते ठरलेल्या मुदतीत हिशेब देऊन समायोजित करावं लागतं, नाहीतर पगारातून वळतं होऊ शकतं.

एसटीच्या तिकिटांबद्दल स्वतःच्या अनुभवातून सांगतो. यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने छापणाऱ्या कागदाचं असतं. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी सगळी तिकिटं नीट पाकिटात जपली होती. आठ महिन्यांनी हिशेबाला काढली तर निम्मी कोरी. तारीख नाही, रक्कम नाही. तो प्रवास मी केला होता, पण तो सिद्ध करायला काहीच उरलं नव्हतं आणि ती रक्कम मला मिळाली नाही. तेव्हापासून त्याच संध्याकाळी तिकिटाची झेरॉक्स काढतो, मूळ तिकीट तिच्यावर डकवतो आणि शेजारी गाव, काम, विहीर क्रमांक लिहितो. पेट्रोल पंपाच्या पावत्यांचंही तसंच.

३१ मार्च

आर्थिक वर्षाचा शेवट आणि तुमच्या विषयाचा हंगाम यांची गाठ क्वचितच पडते. मंजुरी जानेवारीत आली, पहिला हप्ता फेब्रुवारीत मिळाला, आणि विहिरी मोजायच्या मे महिन्यात. मार्चअखेर शिल्लक दिसली तर ती परत मागितली जाऊ शकते.

यावर उपाय प्रस्तावातच करायचा असतो. खर्चाचं वेळापत्रक देताना उपकरणं, बाटल्या, नकाशे हा भाग पहिल्या हप्त्यात दाखवा, म्हणजे तो मार्चच्या आत वापरला जातो. प्रवास आणि तपासणी दुसऱ्या हप्त्यात. तरीही शिल्लक राहणार असं दिसलं, तर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला पत्र द्या: अमुक रक्कम शिल्लक आहे, क्षेत्रकाम मे आणि ऑक्टोबरमध्येच होऊ शकतं, ती पुढच्या वर्षी वापरायला परवानगी मिळावी. जावक क्रमांक घ्या, विद्यापीठाच्या आवक विभागाची पोच घ्या. परवानगी उशिरा आली तरी पत्र वेळेत दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे संपवायचे म्हणून काहीतरी विकत घेऊ नका. आमच्या विभागाच्या कपाटात अशी दोन उपकरणं आहेत, ज्यांचा खोका पुन्हा उघडला गेलेला नाही. ते पैसे दुसऱ्या कुठल्या तरी विहिरीचे होते.

अध्यापनासाठी मागायचं असेल तर

शिकवण्याच्या पद्धतीत नवं काही करण्यासाठी स्वतंत्र अनुदान आपल्याकडे तुलनेनं कमी मिळतं. ते बहुधा गुणवत्ता सुधार योजनेसारख्या शीर्षाखाली किंवा कॉलेजच्या स्वतःच्या सीड मनीतून येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नंतर क्षेत्रप्रकल्प, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यानुभव असे नवे घटक अभ्यासक्रमात आले आणि त्यांच्यासाठी तयार साहित्य फार कमी आहे. म्हणून मागण्याला कारणही आहे.

इथले अर्ज बहुतेक वेळा खरेदीची यादी असतात: एक स्मार्टबोर्ड, दोन कॅमेरे. अशी यादी प्रकल्प होत नाही. विद्यार्थी कुठे अडतात, तिथून सुरुवात करा. प्रथम वर्षाला मराठी माध्यमातून आलेली मुलं सांख्यिकीच्या इंग्रजी संज्ञांपाशी अडखळतात, हे तुम्हाला दिसतं. मग दोनशे संज्ञांचा सचित्र द्विभाषिक संच तयार करायचा, एका तुकडीत वापरायचा, आधी आणि नंतर एकच चाचणी घ्यायची, आणि मागच्या वर्षीच्या निकालाशी ताडायचं. खर्च छपाईचा आणि चित्रांचा. मुलांच्या चाचण्यांचे गुण अहवालात वापरणार असाल तर त्यांना तसं सांगून संमती घ्या, नावं कुठेही देऊ नका.

पदोन्नतीसाठी याचा उपयोग

हे सगळेच विचारतात. यूजीसीच्या जुलै २०१८च्या विनियमांतल्या गुणतक्त्यात संशोधन प्रकल्पांसाठी रकमेचे दोनच गट आहेत. दहा लाखांपेक्षा जास्त रकमेचा पूर्ण प्रकल्प दहा गुण, कमी रकमेचा पाच. चालू प्रकल्पाला अनुक्रमे पाच आणि दोन. तुमच्या विद्यापीठाचं अंतर्गत अनुदान यात धरलं जातं का, हे आयक्यूएसीकडून लिखित घ्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषातही संशोधनासाठी मिळालेला निधी मोजला जातो, म्हणून कॉलेजला तुमच्या कागदांची गरज असते. मंजुरीपत्र, हप्त्यांची पत्रं आणि समाप्तीपत्र यांच्या दोन प्रती घरी ठेवा.

शेवटचा टप्पा

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लिहायला बसा. अंतिम अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामालाच वापरल्याचं), खर्चाचं विवरण, सनदी लेखापालांची सही, प्राचार्यांची सही, शिल्लक असेल तर परताव्याचा तपशील. सनदी लेखापालांकडे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत गर्दी असते, त्यांची वेळ आधी ठरवा. अहवाल दिला की काम संपलं असं समजू नका. विद्यापीठाकडून प्रकल्प पूर्ण झाल्याचं पत्र येईपर्यंत दर महिन्याला चौकशी करत राहा. ते पत्र नसल्यामुळे पुढचा अर्ज अडलेले कित्येक जण माझ्या ओळखीचे आहेत.

निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर तसेच लिहा. पाणलोटाच्या गावांत फरक दिसला नाही, हाही निष्कर्ष आहे आणि तो पुढच्या मोठ्या अर्जाचा पाया होतो. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद), राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग यांच्याकडे जाताना "हे आम्ही लहान प्रमाणावर करून पाहिलं, त्यातून हा प्रश्न निघाला" असं म्हणता आलं, तर प्रस्ताव हवेत राहत नाही.

आणि एक प्रत गावासाठी काढा. एका पानाची, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कोणत्या विहिरीत मे महिन्यात किती पाणी होतं, ऑक्टोबरमध्ये किती, टीडीएस किती, नायट्रेट किती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि टीडीएसची ५००, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत. ज्या विहिरी या रेषेच्या वर आहेत त्यांच्यापुढे खूण करा. त्या खुणेमुळे विहीरमालकाची गावात अडचण होऊ नये, म्हणून त्यांना आधी घरी जाऊन सांगा, मग कागद ग्रामपंचायतीत द्या. तो द्यायला स्वतः जा आणि ज्या दोन मुलांनी मोजपट्टी धरली होती त्यांनाही बरोबर न्या.